‘हॅव’ म्हंजी नेमकं काय? (लेकीनं बापाला घाम फोडला)

वावरातला

राम राम मंडळी.

मी परभणी जिल्ह्यातला, खताबियाण्याचं दुकान आहे. इंग्रजीशी संबंध औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचण्यापुरता. थोरली पोरगी सहावीत, सेमीला. परवा दुकान लावून घरी आलो, हातपाय धुतले, भाकरीचा पहिला तुकडा मोडला तोच ही वही घेऊन समोर. "पप्पा, हॅव म्हंजी काय?"

म्हणलं, सोपंय. जवळ असणे. ‘आय हॅव अ पेन’, माझ्याजवळ पेन आहे. लई ऐटीत सांगितलं.

तिनं पुढचं वाचलं. ‘आय हॅव टू ब्रदर्स.’ माझ्याजवळ दोन भाऊ हायेत? बरं, चालवून घेतलं. मग ‘वुई हॅव लंच ॲट वन’. आमच्याजवळ एक वाजता जेवण असतं? मग ‘आय हॅव टू गो’. इथं धाकटा मधी पडला, "दोनदा जायचंय का?" कारण आधीच्या वाक्यात टू म्हंजी दोन असं मीच सांगितलं होतं. अन् वर ‘दे हॅव गॉन’. गेले तर जवळ काय राहिलं?

कालवण गार झालं. बायको म्हणाली, "जेवू दे गं त्यांना." तर पोरगी म्हणते, "लेट हिम हॅव हिज डिनर. इथं पण हॅवच!"

तर जाणकारांनो, हॅवला असा एकच मराठी शब्द सांगा जो सगळीकडं बसंल. नसला तर तसं सांगा, मी आजपासून दुकानातच झोपतो.

हुरडा_पार्टी

हिंगोलीला या. आमच्याकडं कुणी काही बी विचारलं तरी उत्तर एकच. जेवला का? हाव. येतो का? हाव. झाला तुमचा एक शब्द.

मांजराकाठ

आन लातूरला विचारा, कसे हाव? आमी बरे हाव. हॅव मूळचा आमचाच आहे, इंग्रजानं जाता जाता उचलून नेला.

निशिगंधा_जालना

दोघांनी मिळून अर्धंच सांगितलंत. हाव म्हणजे लोभ पण! भाऊ पाहिजे, जेवण पाहिजे, पेन पाहिजे, सगळं माझ्याकडंच पाहिजे. अर्थ बसला की.

वावरातला

हसा, हसा. तिचा पेपर शनिवारी आहे.

रिटायर_मास्तर

वावरातला, दुकानात झोपू नका. तुमचं उत्तर चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. मी बीड जिल्ह्यात ३४ वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं फळ्यावर हेच लिहिलं, हॅव बरोबर जवळ असणे. एका पोरानं पेपरात लिहिलं होतं, ‘टू ब्रदर्स आर नियर मी’. मी लाल रेघ मारली. त्यानं मी शिकवलेलंच लिहिलं होतं, हे मला रिटायर व्हायच्या सुमारास कळलं.

एकच शब्द मागताय, तो मिळणार नाही. मराठीत हॅवच्या जोडीचं क्रियापदच नाही. आपल्याकडं ‘असणे’ आहे, आणि बाकीचं काम ‘ला’, ‘कडं’, ‘जवळ’ ही मंडळी करतात. ‘मला दोन भाऊ आहेत’, इथं ‘ला’, कारण ते नातं. ‘माझ्याकडं पाचशे रुपये आहेत’, इथं ‘कडं’, कारण आज आहेत, उद्या नसतील. ‘म्हशीला चार सड असतात’, पुन्हा ‘ला’. ‘मला ताप आहे’, ‘खोलीला दोन खिडक्या आहेत’. इंग्रजीत या सगळ्यांना एकच हॅव, नाहीतर हॅज.

आणखी एक बघा. इंग्रजी वाक्यात माणूस कर्ता होऊन पुढं बसतो आणि भाऊ, पैसे, ताप त्याच्या हातात. आपल्या वाक्यात कर्ता भाऊ, कर्ता पैसे, कर्ता ताप. माणूस ‘ला’ लावून बाजूला उभा. म्हणून शब्दाला शब्द ठेवायला गेलं की वाक्य उलटं होतं.

गोदाकाठचा_गडी

गुरुजी, माझी थोडी भर. आमच्या गावात ‘मला चार एकर वावर आहे’ म्हणलं तर सातबारा माझ्या नावावर. ‘माझ्याकडं चार एकर वावर आहे’ म्हणलं तर समोरचा लगेच विचारतो, कुणाचं? बटईनं का ठोक्यानं? इंग्रजीत दोन्हीला ‘आय हॅव फोर एकर्स’? मग तिकडच्या तलाठ्याचं भागतं कसं?

रिटायर_मास्तर

गोदाकाठचा, झकास. तिथं मालकीला ‘ओन’ आणि ठोक्यानं घेतलं तर ‘रेंट’ असा वेगळा शब्द काढावा लागतो. हॅव स्वतः काही सांगत नाही. हे उदाहरण मला नोकरीत असताना मिळालं असतं तर फार बरं झालं असतं.

येसर_आमटी

हॅव म्हणजे खाणं हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा महागात पडलं.

मी नांदेडची. हिंजवडीला नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. टीममध्ये एक चेन्नईची, एक दिल्लीचा, मॅनेजर कोलकात्याचे. सोमवारी सकाळी आईनं दिलेले मुरमुरे भिजवून रूमवर सुशीला केली होती, खाऊन निघाले. ऑफिसात शिरल्या शिरल्या मॅनेजरनी सहज विचारलं, नाश्ता झाला का. ‘ईट’ म्हणणं गावठी वाटतं असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं. मी नवाकोरा हॅव काढला अन् फेकला, ‘येस सर, आय हॅड सुशीला.’

सगळे गप्प. चेन्नईवालीनं लॅपटॉपमध्ये मान घातली. मॅनेजर म्हणाले, ‘हू इज सुशीला?’

मी सावरायला गेले, ‘सर, इन नांदेड एव्हरीबडी हॅज सुशीला इन द मॉर्निंग.’

हुरडा_पार्टी

😂😂😂 चहा नाकातून आला.

निशिगंधा_जालना

आमच्याकडं तो ‘सुशला’ म्हणतात, पुल्लिंगी. तसं म्हणाली असतीस तर वेगळीच पंचाईत झाली असती.

येसर_आमटी

म्हणून दुसऱ्या दिवशी डबा भरून नेला. आता दर सोमवारी मॅनेजर विचारतात, ‘हॅव यू ब्रॉट सुशीला?’ इथं परत हॅव, आणि यावेळी खाण्याशी काही संबंध नाही!

पैठणकर

सुशीलात दाण्याचं कूट का डाळव्याचं, ते आधी सांगा.

येसर_आमटी

डाळव्याचं. लिंबू वरून. धागा भरकटवू नका.

पैठणकर

बरं, विषयाला धरून. आमचा एक मित्र बँकेच्या मुलाखतीला गेला. विचारलं, घरी कोण कोण असतं. हा म्हणाला, ‘आय ॲम हॅविंग वन वाइफ अँड टू चिल्ड्रन.’ पॅनेलवरच्या बाई अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, ‘ओह, व्हेन?’ ह्याला वाटलं लग्नाची तारीख विचारतायत, त्यानं १२ मे सांगितली. बाईंनी अभिनंदन केलं. ह्याला कळलंच नाही की त्यांच्या लेखी १२ मेला ह्याला जुळं होणार होतं.

जिंतूरची_पोर

पण यात चूक काय आहे? आमच्या क्लासमध्ये सर पण ‘आय ॲम हॅविंग’च म्हणतात. उगं इंग्रजाहून जास्त इंग्रज कशाला व्हायचं? समोरच्याला कळलं ना, बस.

मांजराकाठ

जिंतूरची, कळतं. पण मुलाखतीत मार्क जातात, मग खूळ लागतं. ह्याला पुस्तकातला नियम पाठ करायची गरजच नाही. मी माझ्या पोरांना सांगतो ते सांगतो.

इंग्रजीतला तो शेवटचा ‘इंग’ म्हंजी आपला ‘लाला’. पुस्तकात ‘मी जेवत आहे’ लिहितात. आमी लातूरला ‘जेवूलालोय’ म्हणतो, तुमी परभणीकडं ‘जेवायलोय’. आता हॅवचं वाक्य आपल्या बोलीत म्हणून बघा.

‘मी जेवायलोय’, जमलं. म्हणून ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर.

‘मी अंघोळ करायलोय’, जमलं. ‘आय ॲम हॅविंग अ बाथ’ बरोबर.

‘मला दोन भाऊ असायलेत’. आता हे घरी मोठ्यानं म्हणा. माय तव्यावरची भाकर तशीच ठेवून बघंल, ह्याला काय झालं म्हणून.

जिथं बोलीत ‘असायलेत’ म्हणता येत नाही तिथं ‘हॅविंग’ लावायचं नाही. भाऊ असायले नसतात. एकतर असतात, नाहीतर नसतात.

जिंतूरची_पोर

मान्य 🙏 हे डोक्यात बसलं. ‘मला दोन भाऊ असायलेत’ हे आत्ता भावालाच म्हणून दाखवलं, तो म्हणाला दवाखान्यात चल.

रिटायर_मास्तर

मांजराकाठ, ३४ वर्षांत मला हे सुचलं नाही. मी पोरांना सांगायचो की मालकीदर्शक अर्थ असताना चालू काळ वापरू नये. पोरं मान हलवायची आणि घरी जाऊन ‘हॅविंग’ लिहायची. वर बोलीत बोलला म्हणून छड्या खाल्लेली पोरं वेगळीच. जी बोली मी वर्गाबाहेर ठेवली तीच कामाची होती.

आणि बँकेतल्या बाईंनी ते जुळं कुठून काढलं तेही यातच आहे. ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे तिला बाळ होणार आहे. तिथं काहीतरी घडायचं असतं, म्हणून ‘इंग’ चालतो.

सरळ_बोला

थोडं कटू बोलतो. तुम्ही सगळे जे करताय त्यामुळंच आपली पोरं बोलताना अडखळतात. आधी मराठीत विचार, मग ‘ला’ का ‘कडं’, मग बोली, मग इंग्रजी. एवढं होईपर्यंत समोरचा निघून जातो. मी स्वतः औसा तालुक्यातून आलोय, आज रोज चार तास इंग्रजीत बोलतो. मी कधीच अर्थ पाठ केले नाहीत. ‘हॅव अ लुक’, ‘हॅव अ सीट’, ‘हॅव अ बाथ’, असे तुकडेच्या तुकडे उचलले. ‘हॅव अ सीट’मध्ये हॅवचा अर्थ काय, ह्यानं काय फरक पडतो? बसा म्हणजे बसा.

गोदाकाठचा_गडी

सरळ_बोला, तुम्ही तुकडे उचलले कुठून? कानावर पडत होते म्हणून. आमच्या गावात इंग्रजी फक्त फवाऱ्याच्या औषधावर आणि पोरांच्या पुस्तकात आहे. कानावर पडायचं काय, तर सोयाबीनचा भाव. पोरीला समजून घ्यायला मराठीच शिडी आहे. वर गेल्यावर काढा शिडी.

रिटायर_मास्तर

दोघंही बरोबर आहात असं म्हणून मी पळवाट काढणार नाही. सहावीतल्या पोरीला समजलंच पाहिजे, नाहीतर ती घाबरते. पण ‘हॅव अ लुक’सारख्या जोड्यांना सरळ_बोला म्हणतात तेच औषध आहे. आपणही ‘अंघोळ करणे’ म्हणतो पण ‘झोप करणे’ म्हणत नाही, का ते कुणी विचारतं का?

राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. त्याआधी आमच्या पिढीला पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी दिसली. पोरांना वर्षं जास्त मिळाली, पण बोलायला माणूस मिळाला नाही, ही गोदाकाठच्यांची तक्रार खरी आहे.

स्पर्धापरीक्षा_२४

माझी तर फसवणूक झालीय. औरंगाबादला एका क्लासला पैसे भरले होते. तिथं पहिल्याच दिवशी सांगितलं, एकवचनाला हॅज, अनेकवचनाला हॅव. मी इमानदारीत पाठ केलं. आता ‘आय’ एकवचन का अनेकवचन? एकवचन. मी वर्षभर ‘आय हॅज’ म्हणत हिंडलो. कुणी सांगितलं पण नाही. मुलाखतीत एक साहेब हसले तेव्हा शंका आली.

आणि ‘डझ ही हॅज’ का ‘डझ ही हॅव’?

रिटायर_मास्तर

ही, शी, इट आणि एकटं नाव, ह्यांनाच हॅज. आय आणि यू एकटे असले तरी हॅव. ‘डझ’ आला की हॅजचं काम त्यानंच केलं, म्हणून मागं साधा हॅव. ‘डझ ही हॅव’. भूतकाळात कुणीही असो, हॅड. तिथं तरी सुख आहे.

हुरडा_पार्टी

‘हॅड हॅड’ असं दोनदा येतं म्हणे. ते खरं का टायपिंगची चूक?

रिटायर_मास्तर

खरं. ‘व्हेन आय रीच्ड, ही हॅड हॅड हिज लंच.’ मी पोचलो तेव्हा तो जेवला होता. पहिला हॅड म्हणजे ‘होता’, दुसरा म्हणजे ‘जेवला’.

पण ह्या ‘होता’पासून सांभाळा. आपण सहज म्हणतो, ‘मी काल लातूरला गेलो होतो’. त्याचं पोरं करतात ‘आय हॅड गॉन टू लातूर येस्टरडे’. मराठीत ‘गेलो होतो’ म्हणजे गेलो, परत आलो, विषय संपला. इंग्रजीत एवढ्याला ‘आय वेंट’ पुरतं. हॅड लावला की ऐकणारा वाट बघत बसतो, बरं, मग त्यानंतर काय झालं?

पैठणकर

माझे ऑफिसचे सगळे मेल आत्ता डोळ्यापुढून गेले. ‘आय हॅड सेंट द फाइल येस्टरडे.’ साहेब अजून पुढच्या भागाची वाट बघत असतील.

देगलूरचे_तात्या

सकाळपासून वाचतोय. आता ह्या म्हाताऱ्याचं ऐका.

माझे वडील निजामाच्या काळात शिकले, उर्दूत. १९४८च्या सप्टेंबरात संस्थान गेलं तेव्हा ते शाळेतच होते. घरात मराठी, बाजारात तेलुगू, कचेरीत उर्दू, आणि मोहल्ल्यात दखनी. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण ह्या धाग्यावरचा प्रश्न त्यांना अर्ध्या मिनिटात कळला असता.

मराठीत ‘मला ताप आलाय’. दखनीत ‘मेरेकू बुखार आया’. तेलुगूत ‘नाकु ज्वरम् वच्चिंदि’. उदगीर, उमरग्याकडं कानडीत ‘ननगे ज्वर बंदिदे’. चारही भाषांत ताप आपल्या पायानं माझ्याकडं येतो. भावांचंही तसंच, ‘नाकु इद्दरु अन्नलु उन्नारु’, मला दोन थोरले भाऊ आहेत. कुणी कुणाला धरून ठेवत नाही. तेव्हा हॅवला शब्द नाही म्हणून मराठी कुठं कमी पडली असं पोरीला वाटू देऊ नका. रशियनमध्येसुद्धा मालकी अशीच ‘माझ्यापाशी आहे’ म्हणून सांगतात, असं आमच्याकडं आलेले एक इंजिनियर सांगत.

परळी_ते_म्युनिक

तात्या, नमस्कार. रशियनचं बरोबर आहे. मी परळीचा, बायको जर्मन, त्यामुळं हा धागा माझ्या घरातलाच आहे.

जर्मनमध्ये हॅवचा सख्खा भाऊ आहे, ‘हाबेन’. ते लोक भूकसुद्धा जवळ बाळगतात. ‘इश हाबे हुंगर’, माझ्याकडं भूक आहे. बायको पहिल्यांदा परळीला आली, मोठ्या हौसेनं मराठी शिकून आलेली. दुपारी आईला म्हणाली, "आई, माझ्याकडे भूक आहे." आई म्हणाली, "मग दे थोडी, मला दोन दिवस झाले लागंना गेली."

एक गंमत मास्तरांसाठी. लॅटिनमध्ये ‘हाबेरे’ म्हणजे जवळ असणे. दिसायला हॅवसारखाच, म्हणून सगळ्यांना वाटतं एकच मूळ. पण भाषाशास्त्रवाले सांगतात की दोघांचा संबंध नाही. हॅवचं खरं नातं लॅटिनच्या ‘कापेरे’शी, म्हणजे पकडणे, ज्याच्यावरून ‘कॅप्चर’ आला. म्हणजे हॅव मुळात मुठीत धरणारा शब्द आहे. तात्या म्हणाले ते त्यांच्याही नकळत खरं निघालं.

आणि ‘दे हॅव गॉन’चं. आपण ‘मी आलो आहे’ म्हणतो म्हणून पोरं ‘आय ॲम कम’ लिहितात. त्यांना मारू नका. जर्मनमध्ये आजही ‘इश बिन गेकॉमेन’ म्हणतात, सरळ ‘मी आलो आहे’. जाण्यायेण्याला ‘आहे’, खाण्यापिण्याला ‘हाबेन’. जुन्या इंग्रजी लिखाणातही ‘आय ॲम कम’ सापडतं. पुढं हॅवनं तीही जागा बळकावली.

निशिगंधा_जालना

म्हणजे माझं ‘हाव’ बरोबर होतं 😌

परळी_ते_म्युनिक

शंभर टक्के.

पण उलटं दुखणं ऐका. बायकोच्या वहीत ‘लागणे’ नावाचं एक पान आहे. भूक लागली. ठेच लागली. आग लागली. नोकरी लागली. निकाल लागला. लग्न लागलं. वेळ लागला. दार लागलं. उसाला तुरा लागला. तो माझा चुलता लागतो. मला जावं लागलं. रडू लागली. तिनं विचारलं, ह्याचा एक अर्थ सांग. मी तुमच्यासारखाच, वावरातला भाऊ, दुसऱ्या खोलीत जाऊन झोपलो.

मांजराकाठ

वेड लागलं राहिलं.

हुरडा_पार्टी

लाईन लागली. डोळा लागला. वाट लागली.

येसर_आमटी

खालून करपून लागली. दूध लागलं, भात लागला.

जिंतूरची_पोर

मास्तर, ‘आय हॅव टू गो’ राहिलंच. ते ‘जावं लागतं’ना? आणि धाकट्याच्या ‘दोनदा जायचंय’चं काय?

रिटायर_मास्तर

बरोबर, जावं लागतं. ‘मला जायचंय’ म्हणजे माझी इच्छा किंवा बेत. ‘मला जावं लागतंय’ म्हणजे नाइलाज. हॅव टू हा नाइलाजवाला.

धाकट्याची शंका फार चांगली आहे. लिहिताना मराठीत दोन्ही ‘टू’ सारखे दिसतात, पण बोलताना इंग्रज स्वतःच फरक करतो. दोन भाऊ असताना ‘हॅव’चा व स्वच्छ ऐकू येतो आणि दोनवर जोर. जावं लागताना तो व गळून फ होतो, ‘हॅफ टु गो’, आणि टु अगदी बारीक. पोराला म्हणावं, फ ऐकू आला की निघायचं.

गोदाकाठचा_गडी

वावरातला, यंदा बोअर घेणार होतात ना तुम्ही? त्याचं इंग्रजी करा, तिथं पण हॅव असणार. मला पैज लावायची आहे.

रिटायर_मास्तर

पैज जिंकलात. ‘आय ड्रिल्ड अ बोअरवेल’ म्हणलं तर वावरातला स्वतः बोअरच्या गाडीवर उभं राहून पाइप सोडत होते असा अर्थ. आपण काय म्हणतो? बोअर पाडून घेतला. वावर नांगरून घेतलं. केस कापून घेतले. हा जो ‘ऊन घेतला’ आहे, तिथं इंग्रजीत हॅव. ‘आय हॅड अ बोअरवेल ड्रिल्ड.’

शब्दांची जागा मात्र सोडू नका. ‘आय हॅड ड्रिल्ड अ बोअरवेल’ म्हणलं की पुन्हा तुम्हीच गाडीवर, आणि वर ‘पाडला होता’. बोअरवेल मधी आला तर दुसऱ्यानं पाडला, शेवटी गेला तर तुम्ही पाडला. केला-करवलाचा अख्खा फरक एका शब्दाच्या जागेवर आहे.

स्पर्धापरीक्षा_२४

हे स्क्रीनशॉट काढून ठेवलं. क्लासचे पैसे परत मिळाल्यासारखं वाटलं.

वावरातला

मंडळी, दोन दिवस दुकानात खताची गाडी आली होती, उत्तर द्यायला जमलं नाही. सगळं वाचलं. पोरीला पण वाचून दाखवलं, सुशीला सोडून. ती तिनं आपली आपण वाचली.

‘असायलेत’ तिला इतकं आवडलं की घरात दोन दिवस तेच चालू आहे. बापाला दुकान असायलंय, मांजरीला शेपूट असायलंय. वर्गात पण सांगितलं म्हणे, बाई हसल्या, पण खोडलं नाही.

काल ओसरीवर ती आमच्या आईला शिकवीत होती. आई शाळेत गेलेली नाही. पोरगी म्हणली, "आज्जी, इंग्रजीत भाऊ असला तरी हॅव, ताप असला तरी हॅव." आई वाती वळीत होती. हात न थांबवता म्हणली, "भाऊ धरून ठिवावा एक येळ. ताप कोन धरून ठिवतं माय? आला तसा जाऊ द्यावा की." म्युनिकवाले दादा, तुमचं ते लॅटिन मी त्याच्या आदल्या रात्री वाचलं होतं. मी गुमान आत गेलो.

पेपर बरा गेला म्हणते. एक वाक्य भाषांतराला होतं, माझ्या आजीला चार एकर शेत आहे. हिनं ‘माय ग्रँडमदर हॅज फोर एकर्स’ लिहिलं अन् खाली कंसात लिहून आली, सातबारा तिच्याच नावावर आहे.

गोदाकाठचा_गडी

पूर्ण मार्क द्या तिला.

आणि बोअरचं काय झालं? पाणी लागलं का?

वावरातला

लागलं. दोनशे ऐंशी फुटावर, दोन इंची.

परळी_ते_म्युनिक

‘पाणी लागलं’. थांबा, वहीत लिहून घेऊ द्या.